कलेक्टरवर निम्मा सप्लाय: नियमाची पार्श्वभूमी

ट्रान्झिस्टर अ‍ॅम्प्लिफायरचा आवाज फाटतोय म्हटलं की मल्टिमीटर आधी कलेक्टरवर, म्हणजे ट्रान्झिस्टरच्या आउटपुटच्या पायावर जातो. तिथे निम्मा सप्लाय व्होल्टेज दिसला की बायस (सिग्नल नसतानाची डीसी बैठक) ठीक, असं धरून पुढे जायचं. ही सवय कलेक्टरला रेझिस्टर लावायच्या काळातली. त्याआधी, १९५४ नंतरच्या खिशातल्या रेडिओंत आउटपुटच्या कलेक्टरला ट्रान्सफॉर्मर असे. त्याच्या वाइंडिंगवर डीसी जवळजवळ पडतच नाही, त्यामुळे कलेक्टर सप्लायपाशीच बसे आणि सिग्नल सप्लायच्याही वर जाई.

पुढे महाग आणि जड ट्रान्सफॉर्मर गेले, आणि डीसी बसवणं व गेन देणं (सिग्नल मोठा करणं) ही दोन्ही कामं एकाच रेझिस्टरच्या गळ्यात पडली. त्यात तेव्हाच्या जर्मेनियम ट्रान्झिस्टरमधून आपोआप झिरपणारा करंट, म्हणजे गळती, तापमान दहा अंश वाढलं की साधारण दुप्पट होते. कलेक्टर रेझिस्टर मोठा असेल तर त्या गळतीनेच कलेक्टर खाली ओढला जातो. सकाळी साफ वाजणारा सेट दुपारी फाटायचा तो यामुळे.

सिलिकॉन ट्रान्झिस्टरने गळतीचा प्रश्न मिटवला, पण ‘मध्यबिंदू’ या शब्दाचा घोळ तसाच राहिला. मध्य कशाचा? १२ व्होल्ट सप्लाय, कलेक्टरला ४.७ के (किलोओहम) रेझिस्टर, एमिटरला (दुसऱ्या टोकाच्या पायाला) १ के, ज्याला एसी सिग्नलसाठी कपॅसिटरने बायपास केलंय, करंट १.२ मिलिअँप. कलेक्टर ६.३६ व्होल्टवर, म्हणजे निम्म्याच्या जवळ. आता पुढच्या स्टेजचा ४.७ के लोड जोडा. दोन्ही ४.७ के समांतर येतात, म्हणून एसी सिग्नलला दिसतो फक्त २.३५ के. वरच्या बाजूला २.८ व्होल्ट गेले की ट्रान्झिस्टर कटऑफ, म्हणजे पूर्ण बंद. खाली मात्र जवळपास ५ व्होल्ट मोकळे. ऑसिलोस्कोपवर वरचा माथा आधी सपाट होतो. दोन्ही बाजू सारख्या हव्या असतील तर करंट १.४७ मिलिअँप करून कलेक्टर ५.१ व्होल्टवर आणावा लागतो. गेन वाढावा म्हणून त्याच १.२ मिलिअँपवर ८.२ के लावला, तर कलेक्टर २.१६ वर येतो आणि खालची बाजू लगेच छाटली जाते. पाठ्यपुस्तकांनी लोड न जोडता मध्य शिकवला, हे माझ्या मते त्यांचं दुर्लक्षच.

गंमत म्हणजे १९६६ च्या फझ फेस या गिटार पेडलमध्ये फाटणं हाच माल होता. दुसऱ्या ट्रान्झिस्टरच्या कलेक्टरला ८.२ के आणि ४७० ओहम. आज तिथे ट्रिमर (फिरवून बदलता येणारा छोटा रेझिस्टर) लावून लोक ४.५ व्होल्ट गाठतात. ९ व्होल्ट बॅटरीचा निम्माच! पण काही जण मीटर बाजूला ठेवून कानाने ट्रिमर फिरवतात, आणि काटा ४.५ वर थांबेलच असं नाही.