आर्केडचा जुना मॉनिटर मधेच बंद पडतोय? आधी घड्याळ बघा

पडदा उजळतो, गेमची धून चालू होते आणि जरा वेळाने पडदा एकदम काळा, आवाज मात्र चालूच. जुन्या आर्केड कॅबिनेटचा मॉनिटर असं करायला लागला की लोक लगेच पार्ट बदलायला घेतात, ट्रान्झिस्टर बदल, कंडेन्सर बदल, नाहीच जमलं तर पिक्चर ट्यूब काढून एलसीडी बसव. माझं म्हणणं एवढंच की आधी तो कधी बंद पडतो ते नीट बघा, अर्धं निदान तिथंच होतं. आवाज चालू राहतोय म्हणजे गेमचा बोर्ड बहुतेक ठीक आहे, दोष मॉनिटरच्या चेसिसमध्ये, म्हणजे ट्यूब चालवणाऱ्या सर्किट बोर्डात, शोधायचा.

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका मित्राने ८० च्या दशकातलं असं एक कॅबिनेट आणलंय, ते उद्यमनगरात एका ओळखीच्या शेडमध्ये उघडलं. तिथं पूर्वी टीव्ही रिपेअर करणारे एक काका आहेत, ते लांबूनच म्हणाले, "हात घालू नगंस रं, आधी घड्याळ बघ."

घड्याळ का, ते कळायला आत काय चालतं ते बघू. पिक्चर ट्यूबमधला इलेक्ट्रॉनचा झोत डावीकडून उजवीकडे एक ओळ काढतो आणि झटकन परत येतो, अशा सेकंदाला साधारण १५,७०० ओळी, म्हणजे एका ओळीला जेमतेम ६४ मायक्रोसेकंद आणि त्यातले परत यायला १०-१२. हे काम हॉरिझॉन्टल आउटपुट ट्रान्झिस्टरचं, आपल्याकडच्या मेकॅनिकना बीयू ५०८ या नंबरनं तोंडपाठ असलेला. तो ऑफ झाला की योकच्या, म्हणजे ट्यूबच्या मानेवरच्या झोत वळवणाऱ्या, कॉइलमधला करंट अडतो, आणि वाहता नळ फटकन बंद केल्यावर पाइपात दणका बसतो तसा इथं व्होल्टेजचा दणका बसतो, १००० व्होल्टच्या आसपास. तोच पल्स लाइन आउटपुट ट्रान्सफॉर्मर, म्हणजे एलओटी, वाढवून २० ते २५ हजार व्होल्ट करतो आणि ते ट्यूबला मिळतात.

दणका किती मोठा बसणार हे मुख्यतः दोन गोष्टींवर ठरतं. एक म्हणजे चेसिसचा मुख्य डीसी सप्लाय, ज्याला बी प्लस म्हणतात, बऱ्याच आर्केड मॉनिटरमध्ये तो ११० ते १३० व्होल्ट असतो, आणि दुसरा ट्रान्झिस्टरजवळचा रिट्रेस (झोत परत येण्याच्या वेळचा) कंडेन्सर. या कंडेन्सरची व्हॅल्यू कमी झाली की दणका वाढतो, ट्यूबचा हाय व्होल्टेज वाढतो, आणि जोरात आपटणाऱ्या इलेक्ट्रॉनमुळे एक्स-रे निघायची भीती वाढते. १९६७ मध्ये अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकचे हजारो रंगीत टीव्ही एक्स-रे बाहेर पडत असल्यामुळे परत मागवावे लागले होते, पुढच्याच वर्षी तिथं कायदा झाला आणि त्यानुसार पुढं मर्यादा ठरली, सेटपासून ५ सेंटिमीटरवर तासाला ०.५ मिलीरॉन्टजन. म्हणून बऱ्याच चेसिसमध्ये एक छोटं सर्किट असतं, ते एलओटीच्या एका वाइंडिंगवर लक्ष ठेवतं आणि व्होल्टेज हद्दीबाहेर गेला की ओळी काढणंच थांबवतं. म्हणजे तुमचा मॉनिटर बंद पडतोय तो कदाचित मुद्दाम बंद होतोय. काही जण हे सर्किट तोडून "झालं काम" म्हणतात, कृपा करून असं करू नका, ज्याच्या तोंडासमोर तासन् तास पोरं बसणार आहेत त्या सेटचं संरक्षण काढायचं नसतं.

आता घड्याळ. चालू केल्यावर एक-दोन सेकंदात बंद होत असेल तर व्होल्टेज जास्त होतोय नाहीतर कुठंतरी शॉर्ट आहे, मग बी प्लसवर मीटर लावून बंद व्हायच्या क्षणी आकडा बघायचा. वर गेला तर बी प्लस स्थिर ठेवणारा रेग्युलेटर, खाली बसला तर पुढं लोड ओढतोय, आणि जागच्या जागी असतानाच बंद झाला तर रिट्रेस कंडेन्सर किंवा त्या प्रोटेक्शन सर्किटचाच झेनर (ठरावीक व्होल्टेजची हद्द धरणारा डायोड) नाहीतर रेझिस्टर बघायचा. थंड असताना नखरे करतो आणि तापला की नीट चालतो असं असेल तर वाळलेला इलेक्ट्रोलायटिक कंडेन्सर, कारण आतलं द्रावण वर्षानुवर्षं रबरी सीलमधून उडून जातं आणि उरलेलं गरम झाल्यावरच जरा बरं काम करतं. पांढरा सीन आला की बंद होतो असं असेल तर जास्त करंट मागितल्यावर एलओटी किंवा सप्लाय दमतोय.

आणि दहा-वीस मिनिटांनी बंद, थंड झाला की परत चालू, हे असेल तर ड्राय सोल्डरवर, म्हणजे तडा गेलेल्या सोल्डरच्या सांध्यावर, माझा पहिला संशय. आमच्या सेटचं हेच होतं. पीसीबी उलटी करून टॉर्च तिरकी धरली आणि भिंगातून एलओटीच्या पायांकडे बघितलं तर एका पायाभोवती केसाएवढी बारीक काळी रेघ, पूर्ण गोल, पाय सोल्डरमध्ये आहे असं दिसतं पण लाकडी काडीने हळूच ढकलला की हलतो. तांब्याचा पाय, सोल्डर आणि बोर्ड, तिघं गरमीत वेगवेगळे फुगतात, एलओटीचं वजनही त्याच पायांवर, मग हजारो वेळा तापून-निवून तडा जातो, तड्यात ठिणगी पडते, ठिणगीने तडा वाढतो. वर नुसतं सोल्डर थापून भागत नाही, जुनं काढून, पाय घासून नवीन लावायचं. कोल्हापूरच्या पावसात महिनोन् महिने बंद पडून राहिलेल्या सेटला तर अ‍ॅनोड कॅपभोवतीची (ट्यूबला हाय व्होल्टेज देणाऱ्या वायरीच्या रबरी टोपीभोवतीची) ओलसर धूळही पुसून घ्या, चट् चट् आवाज येत असेल तर ती आधीच.

सगळ्यात महत्त्वाचं राहिलं. ट्यूब स्वतःच कंडेन्सरसारखी चार्ज धरून बसते, प्लग काढल्यावरसुद्धा, त्यामुळे इन्सुलेटेड स्क्रूड्रायव्हरला क्लिपची वायर लावून, क्लिप ट्यूबच्या अर्थ पट्टीला जोडून, मग अ‍ॅनोड कॅपखाली टोक घालून डिस्चार्ज करायचं, एक हात पाठीमागे. बऱ्याच चेसिसचा ग्राउंड थेट मेन्सला जोडलेला असतो, म्हणून मधे आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर पाहिजेच. अनुभव नसेल तर जाणकार माणूस शेजारी बसवा.

सोल्डर झालं की उघड्यावर पाच मिनिटं चालवून खूश होऊ नका. कॅबिनेटचं मागचं झाकण लावा, कारण आत बंद हवेत चेसिस कितीतरी जास्त तापतं, आणि पूर्वी बंद व्हायला जेवढा वेळ लागायचा त्याच्या दुप्पट-तिप्पट वेळ चालू ठेवा.