गुण पाण्याचा की पाण्यात बसण्याचा?

कोल्हापूरला नदी आहे, तळी आहेत, पाऊस तर विचारूच नका. गरम पाण्याचा झरा मात्र नाही. म्हणून गुडघे धरले की मंडळी अणुस्कुरा घाट उतरून राजापूरजवळच्या उन्हाळे या गावी, तिथल्या गरम पाण्याच्या झऱ्यावर जातात आणि येताना घरच्या म्हाताऱ्या माणसांसाठी तेच पाणी कॅन भरून आणतात. गंधकाचं पाणी आहे, हाडाला गुण येतो, असं सांगतात.

घाटाच्या वर झरा नाही आणि खाली आहे, याचं कारण खडकातल्या भेगांत आहे. पालघरपासून राजापूरपर्यंत सुमारे ३०० किलोमीटरच्या पट्ट्यात, किनाऱ्याला साधारण समांतर असे हे झरे विखुरलेले आहेत. पावसाचं पाणी भेगांतून खोल उतरतं. दर किलोमीटरला खडकाचं तापमान साधारण २५ ते ३० अंशांनी वाढतं. तिथे तापलेलं पाणी दुसऱ्या भेगेनं सखल भागात वर येतं. यात ज्वालामुखीचा काही संबंध नाही. दख्खनचा लाव्हा ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा, तो केव्हाच निवला.

आता गुणाचं बघू. त्यासाठी इंग्लंडमधल्या बाथ या गावाचा इतिहास फार कामाचा आहे. तिथलं पाणी मेंडिप टेकड्यांवर पडलेल्या पावसाचंच. हजारो वर्षं जमिनीखाली फिरून ते सुमारे ४६ अंशांवर बाहेर येतं. रोमन लोकांनी तिथे स्नानगृहं बांधली आणि अठराव्या शतकात तर सगळा इंग्लिश उमरावशाहीचा गोतावळा तिथे हवापालटाला लोटू लागला. पण खरी गोष्ट गरिबांची आहे. १७४२ मध्ये तिथे त्यांच्यासाठी एक रुग्णालय सुरू झालं. त्यात हातपाय लुळे पडलेले कितीतरी रोगी येत. अनेकांना शिशाची विषबाधा झालेली असे: रंगारी, नळ बसवणारे, शिशाच्या भांड्यात मुरलेली सफरचंदाची दारू पिणारे. त्यांना आठवड्यातून अनेकदा गळ्यापर्यंत गरम पाण्यात उभं करत, आणि हे महिनोन्‌महिने चाले. शिशाच्या रोग्यांपैकी जवळपास निम्मे पूर्ण बरे झाल्याची नोंद त्या रुग्णालयाच्या दप्तरात आहे.

पुढच्या काळातल्या डॉक्टरांना ही थाप वाटावी, यात नवल नाही. पण १९८० च्या दशकात ब्रिस्टलच्या संशोधकांनी माणसांना खरोखरच गळ्यापर्यंत पाण्यात बसवून पाहिलं. एक मीटर खोलीवर पाण्याचा दाब सुमारे ७४ मिलिमीटर पाऱ्याइतका असतो. तो पायांतलं आणि पोटातलं रक्त छातीकडे ढकलतो. हृदय ताणलं जातं, शरीराला वाटतं की पाणी जास्त झालं, आणि मूत्रपिंडं जोरानं कामाला लागतात. लघवीवाटे पाणी, मीठ आणि त्यासोबत शिसंही जास्त बाहेर पडतं. ही किमया नळाच्या पाण्यातही होते! अर्थात, शिशाच्या कामापासून आणि त्या दारूपासून काही महिने सुटका झाली, हाही औषधाचा मोठा भाग असणार.

सांध्यांचंही बरचसं असंच. गळ्यापर्यंत पाण्यात शरीराचा भार जवळपास एक दशांश उरतो, म्हणून जो गुडघा जिना चढू देत नाही तो पाण्यात सहज वाकतो. उष्णतेनं स्नायू सैल होतात. खनिजांचा वाटा त्या मानानं लहान दिसतो, कारण आपली कातडी क्षार फारसे आत घेतच नाही. कुजक्या अंड्यासारखा तो वास हायड्रोजन सल्फाइडचा. आपलं नाक त्याबाबतीत इतकं तिखट आहे की अगदी नगण्य वायूही भरपूर गंधक असल्यासारखा भासतो. त्यामुळे कॅनमधून घरी येतं ते नेमकं कमी कामाचं. उष्णता वाटेतच निवते, आणि गळ्यापर्यंतचा दाब काही कॅनमध्ये भरता येत नाही. घरच्या बादलीत पाय सोडून बसलात तर आराम पडेल, पण तो उन्हाळ्याच्या पाण्यामुळे नव्हे.

बाथचा दवाखाना म्हणून असलेला लौकिक मात्र विसाव्या शतकात ओसरला. प्रतिजैविकं आली, वेदनाशामकं आली. १९७६ मध्ये सरकारी आरोग्यसेवेनं तिथल्या जलोपचारांचा खर्च देणं थांबवलं. १९७८ मध्ये तिथल्या तलावात पोहलेली एक मुलगी मेंदूच्या संसर्गानं दगावली आणि सार्वजनिक स्नान बंद झालं. दोषी होता नेग्लेरिया फाउलेरी हा अमीबा. तो कोमट-गरम पाण्यात वाढतो आणि पाणी नाकात शिरलं तरच मेंदूपर्यंत पोहोचतो, प्यायल्यानं नाही. पुढे नवी विंधन विहीर खोदून खोलवरचं स्वच्छ पाणी घेतलं गेलं आणि २००६ मध्ये नवं स्नानगृह उघडलं.

अशा झऱ्यांवर जाणाऱ्यांनी म्हणूनच कुंडात डोकं बुडवू नये, पोरांना उड्या मारू देऊ नयेत. रक्तदाबाची गोळी चालू असेल किंवा हृदयाचं दुखणं असेल तर आधी डॉक्टरांना विचारावं आणि पाण्यात फार वेळ बसू नये. बाहेर येताना कुणाचा तरी हात धरून सावकाश उठावं, कारण पाण्याचा दाब सुटला की रक्त पुन्हा पायांकडे धावतं आणि चक्कर येते ती नेमकी ओल्या पायरीवर.