जनावर तोंड लावत नाही, म्हणून लावलेली झाडं

1970-80 च्या दशकांत वसलेल्या मराठवाड्यातल्या कुठल्याही कॉलनीतून फिरा, गुलमोहर, निलगिरी आणि गिरीपुष्प हमखास भेटतात. 1972 च्या दुष्काळानं हा मुलूख होरपळून निघाला होता. पाणी नव्हतं, चारा नव्हता, सरपण नव्हतं. 1982 मध्ये राज्यात सामाजिक वनीकरण विभाग सुरू झाला आणि झटपट वाढणाऱ्या परदेशी रोपांना मागणी आली. चारा-सरपणासाठी सुबाभूळ, रस्त्याकडेला निलगिरी नि गिरीपुष्प. रस्त्याकडेच्या त्या रोपांची मोठी शिफारस एकच असे: शेळी तोंड लावत नाही, कुंपण लागत नाही. त्या दिवसांत ती गरजच होती, त्याबद्दल कुणाला दोष देता येणार नाही.

पण बाहेरून आलेल्या अशा झाडांना इथली अळीही सहसा तोंड लावत नाही. आणि चिमणी दाणे टिपत असली तरी पिल्लांच्या चोचीत ती अळ्या-किडेच भरवते. अंगणातला कढीपत्ता नीट पाहा. पानावर पक्ष्याची शीट पडल्यासारखं काही दिसलं तर पुसू नका, ती लिंबू फुलपाखराची अळी असते. मोठी झाली की पानासारखी हिरवी होते. शिंपी पक्षी अशाच अळ्या-किड्यांच्या शोधात फांदीफांदी धुंडाळतो. रुईवरही अशीच फुलपाखरं वाढतात, आणि आपण रुई तण म्हणून उपटतो.

1975 चा नागरी वृक्षसंरक्षण कायदा आला, तोड रोखण्यासाठी. पुढे 2016 ते 2019 या काळात राज्यानं कोट्यवधी झाडांची मोहीम काढली. चर्चा मात्र आकड्यांचीच झाली, जातींची फार कमी. फेब्रुवारी 2020 मध्ये बीडजवळ पालवणला सह्याद्री देवराई या वृक्षलागवड प्रकल्पाच्या माळावर वृक्षसंमेलन भरलं, तेव्हा वड, पिंपळ, उंबर, पळस ही नावं पुन्हा लोकांच्या तोंडी आली.

परदेशी म्हणून सगळंच टाकाऊ, असंही माझं म्हणणं नाही. बालाघाटच्या डोंगरातलं सीताफळ मूळचं अमेरिकेकडचं, आज बीडची ओळख आहे. पण कॉलनीत एकच झाड लावायची जागा असेल, तर मी उंबर म्हणेन. त्याच्या फळात चिलटाएवढी गांधीलमाशी वाढते, फळावर तांबट, कोकीळ, बुलबुल तुटून पडतात, रात्री वटवाघळं येतात. गेल्या पावसाळ्यात मी उंबराचं रोप आणलं तेव्हा शेजारी म्हणाले, “पानं पडतील, कचरा होईल.” तो कचरा मी रोज त्याच्याच बुंध्याशी लोटते. आता त्यात सातभाई उतरतात, पानं उलटीपालटी करून किडे वेचतात.