सच्छिद्र सिरॅमिक एरोजेल: वाळवण्याच्या पद्धतींची पार्श्वभूमी

एरोजेल म्हणजे आतला द्रव काढल्यावरही ज्याची सच्छिद्र जाळी शाबूत राहते असं कोरडं जेल. सिलिकाचं, म्हणजे वाळूतल्या मुख्य घटकाचं, जेल बनवणं एकोणिसाव्या शतकातही जमत होतं. अडत होतं ते त्यातलं पाणी काढताना. उघड्यावर वाळवलं की जेल आक्रसायचं, तडकायचं आणि शेवटी लहानसा कडक खडा हाती उरायचा. बाष्पीभवन सुरू झालं की प्रत्येक छिद्रात पाण्याचा पृष्ठभाग वक्र होतो आणि भिंतींना आत ओढतो. छिद्राची त्रिज्या १० नॅनोमीटर असेल, तर ही ओढ वातावरणीय दाबाच्या सुमारे १४० पट भरते. सिलिकाची कोवळी जाळी ती कशी सोसणार?

अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ सॅम्युएल किस्टलर यांनी १९३१ साली ‘नेचर’मध्ये यावरचा तोडगा मांडला. द्रव त्याच्या क्रांतिक बिंदूच्या, म्हणजे एका ठरावीक तापमान आणि दाबाच्या, पलीकडे नेला, तर द्रव आणि वायू यांच्यात सीमाच राहत नाही. पृष्ठभाग नाही, म्हणून ओढही नाही. इतक्या तापलेल्या पाण्यात सिलिकाच विरघळते, म्हणून त्यांनी आधी पाण्याच्या जागी अल्कोहोल भरलं. ॲल्युमिना, लोह आणि कथिल यांच्या ऑक्साइडांचीही एरोजेल त्यांनी केली. फक्त धुणं आणि द्रव बदलणं फार वेळखाऊ होतं.

फ्रान्समध्ये तैशनर यांच्या गटाने १९६०च्या दशकाच्या अखेरीस मेथनॉलमध्येच जेल बनवून तो वेळ वाचवला. तरी २४० अंश सेल्सियस आणि ८० वातावरण दाब कायम राहिला. त्यातली जोखीम १९८४ मध्ये दिसली: स्वीडनमधल्या एरोजेल कारखान्यात मेथनॉल गळून स्फोट झाला. पुढे बर्कलीच्या संशोधकांनी द्रवरूप कार्बन डायऑक्साइड वापरला. तो ३१ अंशांवरच क्रांतिक होतो आणि पेटत नाही.

गोठवून वाळवण्यात बर्फाचं संप्लवन होतं, म्हणजे न वितळता त्याची थेट वाफ होते. पण वाढणारे स्फटिक जाळी रेटतात, छिद्रं मोठी होतात, जेलचा भुगाही होतो. हाच दोष पुढे कामी आला: एका दिशेने गोठवलं की सिरॅमिकमध्ये सरळ, समांतर वाहिन्या तयार होतात.

मला सर्वात धाडसी वाटते ती १९९०च्या दशकात न्यू मेक्सिकोत ब्रिंकर, स्मिथ आणि सहकाऱ्यांनी पुढे आणलेली युक्ती. त्यांनी ओढ टाळलीच नाही. छिद्रांच्या भिंतींवर एकमेकांशी जुळू शकणारे हायड्रॉक्सिल (–OH) गट असतात; त्यांना तसे न जुळणारे मिथाइलयुक्त गट जोडले. जेल वाळताना आक्रसतं, पण भिंती एकमेकींना चिकटत नाहीत आणि द्रव गेल्यावर ते पुन्हा फुलतं. साध्या दाबाखाली दाणेदार एरोजेल मोठ्या प्रमाणात काढण्याचा मार्ग यातून खुला झाला. तडा न गेलेली जाड, अखंड लादी हवी असेल, तर मात्र अजूनही बहुधा दाबपात्राकडेच वळावं लागतं.