इंग्लंडच्या खेड्यांत युद्धस्मारकाचा क्रूस कसा आला

सरे परगण्यात गोडाल्मिंगजवळ बसब्रिज नावाचं गाव आहे. तिथल्या सेंट जॉन चर्चच्या आवारात १९२२ साली उभारलेला एक उंच दगडी क्रूस आहे. वर निमुळता होत गेलेला खांब आणि शेंड्याजवळ दोन आखूड बाहू. बाकी नक्षीकाम जवळपास नाहीच. आराखडा एडविन ल्युटेन्स यांचा, म्हणजे आपल्या इंडिया गेटच्याच वास्तुविशारदाचा. याच परिसरात उद्यानतज्ज्ञ गर्ट्रूड जेकिल राहत. त्यांचं घर ल्युटेन्स यांनीच बांधलेलं, त्यामुळे या गावाशी ल्युटेन्स यांचा जुना घरोबा होता.

पहिल्या महायुद्धानंतरच्या काही वर्षांत असे क्रूस इंग्लंडभर उभे राहिले. चर्चच्या आवारात क्रूस असणारच, त्यात नवल ते काय, असं आज वाटतं. पण या पद्धतीमागे धर्मश्रद्धेइतकाच एका लष्करी निर्णयाचाही हात आहे.

युद्धाच्या सुरुवातीला ऐपतदार घराणी आपल्या मुलांचे मृतदेह फ्रान्समधून मायदेशी आणत. एप्रिल १९१५ मध्ये माजी पंतप्रधान ग्लॅडस्टन यांच्या नातवाचा मृतदेह असाच आणून वेल्समधल्या त्यांच्या गावी पुरला गेला. त्यानंतर मात्र लष्कराने मृतदेह हलवण्यावर बंदी घातली. श्रीमंताचा मुलगा घरी यावा आणि शेतमजुराचा परक्या मातीत राहावा, हे सैन्यात खपणारं नव्हतं. युद्धात मेलेल्यांच्या दफनभूमी सांभाळण्यासाठी १९१७ मध्ये स्थापन झालेल्या इम्पीरियल वॉर ग्रेव्हज कमिशनने हाच न्याय पुढे चालवला: सगळ्यांना एकसारखा दगड, हुद्द्याप्रमाणे भेद नाही आणि युद्ध संपलं तरी मृतदेह परत नाहीत. अनेक आयांनी याविरुद्ध अर्ज केले, मे १९२० मध्ये संसदेत कडाक्याची चर्चाही झाली, पण धोरण बदललं नाही.

म्हणजे गावातल्या बाईला फुलं वाहायला थडगंच उरलं नाही. कित्येकांचे तर अवशेषही सापडले नव्हते. मग गावच्या आवारातल्या दगडावर कोरलेलं नाव हेच तिच्या मुलाचं थडगं झालं. या स्मारकांवर नावांना इतकं महत्त्व आलं ते यामुळेच. त्याआधी चर्चच्या भिंतीवर फलक लागे तो बहुधा अधिकाऱ्याचा. साध्या शिपायाचं नाव कोरण्याची रीत दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धापासून (१८९९-१९०२) कुठे रुजू लागली होती.

क्रूसाला विरोध झालाच नाही असंही नाही. सोळाव्या शतकातल्या धर्मसुधारणेत आणि नंतर १६४३ च्या संसदीय फर्मानानंतर इंग्लंडमधले असंख्य मध्ययुगीन क्रूस फोडले गेले होते, कारण कट्टर प्रॉटेस्टंटांना त्यात रोमची, म्हणजे कॅथलिक पंथाची, मूर्तिपूजा दिसे. एकोणिसाव्या शतकात मध्ययुगीन गॉथिक शैलीची आवड परतली तसा हा राग निवळला, तरी येशूची मूर्ती असलेला क्रूस पुष्कळांना खटकेच. साधा क्रूस ही त्यातली तडजोड. काही गावांनी तर आवारात उरलेल्या जुन्या क्रूसाच्या खुंटावरच नवा खांब चढवला.

गंमत म्हणजे खुद्द ल्युटेन्स यांना परदेशातल्या लष्करी दफनभूमींत क्रूस नको होता. तिथे हिंदू, मुसलमान, ज्यू, नास्तिक असे सगळेच पडले होते. म्हणून त्यांनी कोणत्याच धर्माचं चिन्ह नसलेली मोठी शिळा सुचवली. ती मान्य झाली, पण सोबत दुसरे वास्तुविशारद रेजिनल्ड ब्लोमफिल्ड यांचा, काशाची तलवार लावलेला क्रूसही आला. खेड्यांनी मागितला तेव्हा मात्र ल्युटेन्स यांनी क्रूसच दिला. मला यात विसंगती दिसत नाही. पैसे गावकऱ्यांच्या वर्गणीचे होते.

वर्गणी म्हटली की वाद आलेच. क्रूस की सभागृह? आवारात की गावच्या हिरवळीवर? आवार अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या अधिकृत चर्चचं, मग त्याबाहेरच्या प्रॉटेस्टंट पंथांच्या चॅपलमध्ये जाणाऱ्या कुटुंबांच्या मुलांचं काय? शिवाय आवारात काही उभारायचं तर धर्मप्रांताच्या न्यायाधिकाऱ्याची परवानगी लागे. सगळ्यात नाजूक प्रश्न यादीचा होता. लिंकनशरमधल्या फुलस्टो गावचा एक शिपाई पळून गेल्याबद्दल लष्कराच्याच गोळीने मेला होता. त्याचं नाव वगळणार असाल तर आमच्याही मुलांची नावं नकोत, असं इतर कुटुंबांनी ठरवलं, आणि त्या गावाला २००५ पर्यंत स्मारकच नव्हतं. अशा शिपायांना ब्रिटनने २००६ मध्ये कायद्याने माफी दिली.

याच युद्धाच्या शिळा साताऱ्याकडच्या आणि कोकणातल्या गावांतही आहेत. त्यांवर इंग्रजीत लिहिलेलं असतं की या गावातून इतकी माणसं १९१४-१९१९ च्या महायुद्धाला गेली आणि त्यांतल्या इतक्यांनी प्राण दिले. १९१९ हे साल इंग्लंडमधल्या अनेक क्रूसांवरही आढळतं, कारण शस्त्रसंधी १९१८ ची असली तरी व्हर्सायचा तह जून १९१९ चा. फरक नावांचा आहे. आपल्याकडच्या या सरकारी शिळांवर फक्त आकडे आहेत. सरकारला हिशेब पुरेसा वाटला असावा. बसब्रिजमध्ये यादी गावाने केली होती.

दुसऱ्या महायुद्धानंतर बहुतेक गावांनी नवा क्रूस उभारला नाही, जुन्याच्याच चौथऱ्यावर १९३९-१९४५ ची नावं कोरली. ल्युटेन्स यांची इंग्लंडमधली युद्धस्मारकं २०१५ मध्ये राष्ट्रीय संग्रह म्हणून जाहीर झाली. त्यांत बसब्रिजचा क्रूसही आहे.