'ऋण त्वरण' म्हणजे मंदन? चिन्ह संकेतामागची पार्श्वभूमी

न्यूटनचे गतीचे नियम १६८७ साली लॅटिनमध्ये छापले गेले, तेव्हा सगळी मांडणी भूमितीची होती. बल कुठे ओढते आहे हे आकृतीतल्या रेषेवरूनच दिसायचे, त्यामुळे अधिक की वजा हा पेच फारसा पडत नसे. १७५० च्या सुमारास दुसरा नियम परस्परांना लंब अशा तीन स्थिर अक्षांवर, तीन समीकरणांत लिहिला गेला आणि दिशा सांगण्याचे काम चिन्हाकडे आले. चिन्हाचा हा अर्थ आपल्याकडे त्याआधीपासून आहे. ११५० सालच्या 'लीलावती'त १० आणि १७ लांबीच्या बाजू व ९ लांबीचा पाया असलेला त्रिकोण येतो. त्याचा लंब पायाच्या बाहेर पडतो, पायाचा एक खंड उणे ६ निघतो, आणि तिथे ऋण म्हणजे उलट दिशेने असे स्पष्ट सांगितले आहे. ऋण म्हणजे देणे, या हिशोबी अर्थाच्या हे कितीतरी पुढचे आहे.

आज अकरावीच्या वर्गात होणारा गोंधळ यापैकी कशातूनच आलेला नाही. त्याचे मूळ शाळेत शिकवलेल्या एका शब्दात आहे. वेग घटला की 'ऋण त्वरण', आणि त्यालाच मंदन किंवा अवत्वरण म्हणायचे, असे मुले पाठ करून येतात. उदाहरण बहुधा ब्रेक लावलेल्या गाडीचे असते आणि तिथे ते बरोबरही असते, कारण गाडी पुढे जाते आहे आणि पुढची दिशाच आपण धन धरली आहे. लहान वयात अक्ष कशाला शिकवायचे, असा या व्याख्येचा बचाव केला जातो. मला तो पटत नाही, कारण वर फेकलेल्या पहिल्याच चेंडूपाशी ती मोडते.

वरची दिशा धन धरा आणि चेंडू १९.६ मी/से वेगाने सरळ वर फेका. १ सेकंदानंतर वेग +९.८, २ सेकंदांनंतर शून्य, ३ सेकंदांनंतर −९.८. त्वरण पूर्ण वेळ −९.८ मी/से² आहे. २ सेकंदांनंतर खाली येताना चेंडूची चाल, म्हणजे दिशा सोडून नुसते वेगाचे परिमाण, वाढते आहे, तरी त्वरण ऋणच. पाठ केलेल्या व्याख्येवर विश्वास ठेवणारा मुलगा इथे चिन्ह बदलतो आणि गणित चुकते. मंदन ठरते ते वेग आणि त्वरण यांची चिन्हे विरुद्ध असली तर. एकट्या त्वरणाचे चिन्ह फक्त आपण निवडलेल्या अक्षाबद्दल बोलते. ही एक ओळ नववीतच सांगायला हवी.

गुरुत्व त्वरणाचेही तसेच. १९०१ साली आंतरराष्ट्रीय परिषदेत ठरलेले ९.८०६६५ मी/से² हे मानक मूल्य म्हणजे नुसते परिमाण आहे. त्यापुढचा वजा गणित सोडवणारा देतो. सूत्रातही वजा लिहिला आणि किंमतही वजा घातली, तर दोन वजांचा अधिक होतो आणि चेंडू वर जातच राहतो.

कप्पीवरच्या दोरीच्या दोन टोकांना वजने टांगलेली असतात, त्या गणितात दोन्ही वजनांना वेगवेगळी धन दिशा घेतली तरी चालते, एकाला वर आणि दुसऱ्याला खाली. दोरी ताठ असल्याने आणि तिची लांबी बदलत नसल्याने मग दोन्ही त्वरणे एकाच अक्षराने लिहिता येतात. दोघांना एकच अक्ष दिला, तर त्यातल्या एका त्वरणापुढे वजा लिहावा लागतो.