आकडी लांबली की औषध का लागू पडत नाही?

आकडी सुरू झाल्यावर लवकर मिडाझोलॅम हे झटके थांबवणारं औषध दिलं तर बहुतेक वेळा झटके थांबतात. तेवढ्याच मात्रेत तासाभराने दिलं तर पुष्कळदा काहीच होत नाही. दरम्यान बदललेलं असतं ते मेंदूतल्या पेशीचं पटल.

मेंदूचा मुख्य ब्रेक म्हणजे गाबा. हे रसायन पटलावरच्या गाबा-ए रिसेप्टरला (ते ओळखणाऱ्या प्रथिनांच्या दाराला) चिकटलं की मधली वाट उघडते, क्लोराइड आयन आत शिरतात आणि पेशी शांत होते. रिसेप्टर पाच प्रथिनांचा असतो: सहसा दोन अल्फा, दोन बीटा, एक गॅमा. मिडाझोलॅम बसतं ते अल्फा आणि गॅमाच्या बेचक्यात. ते स्वतः दार उघडत नाही. गाबाला ते जास्त वेळा उघडायला मदत करतं. पण दारच जागेवर नसेल तर?

रिसेप्टर पटलावर कायमचे ठोकलेले नसतात. निरोगी पेशीतही ते सतत आत ओढले जातात. काही मोडीत निघतात, बरेचसे परत वर येतात. बीटा प्रथिनावर फॉस्फेट असेपर्यंत आत ओढणाऱ्या यंत्रणेला नीट पकड मिळत नाही. लांबलेल्या आकडीत हा फॉस्फेट गळतो आणि आवक-जावकीचा तोल बिघडतो. 2005 साली प्रयोगशाळेतल्या उंदरांच्या हिप्पोकॅम्पस या मेंदूच्या भागात हिशोब मांडला गेला, तेव्हा तासाभराच्या आकडीनंतर दोन पेशींमधल्या एका जोडावरचे चालू गाबा-ए रिसेप्टर सुमारे 36 वरून 18 वर आले होते. त्याआधी, 1997 मध्ये, असंच दिसलं होतं की 10 मिनिटांऐवजी 45 मिनिटांनी दिल्यास डायझेपॅम हे मिडाझोलॅमच्याच गटातलं औषध जवळपास दहापट लागतं. उलट पेशीला चेतवणारे एनएमडीए रिसेप्टर वर येतात. म्हणजे ब्रेक निम्मा आणि अ‍ॅक्सिलरेटर दाबलेला! म्हणूनच अतिदक्षता विभागात उशिराच्या टप्प्यावर एनएमडीए रोखणारं केटामाइन वापरलं जातं.

घरच्यांसाठी आकडा एकच: 5 मिनिटं. झटके सुरू होताच घड्याळ बघायचं, रुग्णाला कुशीवर वळवायचं, तोंडात काही घालायचं नाही. पाच मिनिटांत थांबलं नाही तर डॉक्टरांनी आधी लिहून दिलेला मिडाझोलॅमचा नाकातला फवारा द्यायचा आणि दवाखाना गाठायचा. मात्रा साधारण किलोमागे 0.2 मिलिग्रॅम, 20 किलोच्या मुलाला 4 मिलिग्रॅम, दोन्ही नाकपुड्यांत निम्मी-निम्मी. एका फवाऱ्यात किती औषध येतं ते बाटलीगणिक बदलतं, म्हणून फवारे किती हे आधीच मोजून बाटलीवर लिहून ठेवावं. श्वास मंदावेल ही भीती खरी आहे, श्वासाकडे लक्ष ठेवायलाच हवं. पण त्या भीतीने अर्धीच मात्रा देणं ही नेहमीची चूक. आकडी थांबत नाही, वेळ मात्र जातो. कांदा नाहीतर चप्पल हुंगवण्यात जातात ती मिनिटंही हीच.